डावा कृमी, उजवा कृमी

माशाच्या कल्ल्यात वळवळणाऱ्या कृमींची चित्रफीत फोनवर फिरू लागली की 'मासे खाणे सोडा' हा सल्ला तिच्या पाठोपाठ येतोच. ते कृमी कोणते, हे मात्र कोणी विचारत नाही. कल्ल्यांवर राहणारे मोनोजेनिया गटातले चपटे कृमी माणसाला लागत नाहीत. सस्तन प्राण्यांत त्यांची एकच जाती ठाऊक आहे, आणि ती राहते पाणघोड्याच्या डोळ्यात.

यकृतकृमीला वाढताना गोगलगाईचा आसरा लागतो. मोनोजेनियाचे सारे आयुष्य मात्र एकाच पोशिंद्यावर, म्हणजे ज्याच्या अंगावर ते जगतात त्या प्राण्यावर, जाते. वाहत्या पाण्यात तिथे टिकून राहायचे, तर पकड हवी. म्हणून त्यांचे वर्गीकरण मुख्यत्वे शरीराच्या मागच्या टोकाशी असलेल्या पकड-अवयवावरून करतात: काही आकडे रुतवून त्वचा आणि श्लेष्मा खातात, तर काही चिमट्यांनी कल्ला धरून रक्त पितात.

या चिमट्यांची एक करामत सांगण्याजोगी आहे. इंग्लिश खाडीतल्या हॉर्स मॅकरल या माशाच्या (नावात मॅकरल असला, तरी तो बांगड्याच्या नव्हे, आपल्या हलव्याच्या कुळातला) कल्ल्यावर गॅस्ट्रोकॉटाइल ट्राकुरी हा कृमी राहतो. त्याच्या चिमट्यांची रांग शरीराच्या एकाच कडेला असते. काहींत डाव्या, तर काहींत उजव्या. पोहत आलेल्या डिंभाजवळ (कृमीच्या अळीजवळ) केवळ बारीक आकडे असतात, चिमटे नंतर एकेक करून उगवतात, आणि ते कोणत्या कडेला उगवणार हे तो कल्ल्याच्या कोणत्या बाजूला स्थिरावला यावर ठरते, असे कृमींचे अभ्यासक जे. लेवेलिन यांनी 1950 च्या दशकात दाखवून दिले. म्हणजे आरशातल्या प्रतिबिंबांसारखे दिसणारे दोन नमुने पाहून त्यांच्या दोन जाती केल्या, तर ती घोडचूक ठरेल. उलट चिमट्याच्या आतल्या कठीण कांड्यांची रचना बसण्याच्या जागेनुसार बदलत नाही, म्हणून काचपट्टीवर रंगवलेल्या नमुन्यात अभ्यासक आधी तीच मोजतो.

हल्ली डीएनए वाचले की काम झाले, असा गाजावाजा असतो. पण जातीचे नाव संग्रहालयात जपलेल्या मूळ नमुन्याला बांधलेले असते. त्याच्याशी ताडून पाहिल्याविना डीएनएची ती अक्षरे बिननावाचीच राहतात.

तरीही एका बाबतीत डीएनएचे ऋण मान्य करावे लागते. युडोनेला हा कृमी माशाला नव्हे, तर माशावरच्या कॅलिगस या कवचधारी परजीवीला चिकटून असतो. त्याला आकडे नाहीत, चिमटे नाहीत, पोहणारा डिंभही नाही. 1835 मध्ये वर्णन झाल्यापासून त्याला कुठे बसवावे यावर वाद चालला; काहींनी त्याच्यासाठी वेगळा गटच काढला. 1998 मध्ये जनुकांच्या तुलनेने तो मोनोजेनियाच, आणि तोही आकडेवाल्यांच्या शाखेतला, असे दिसून आले. कवचावर आकडा रुतणार तरी कसा? माझ्या मते, निरुपयोगी झाले म्हणूनच त्याने ते गमावले असावेत. त्याच्या मागच्या चकतीतून आता चिकट स्राव पाझरतो.