पिवळ्या जर्सीचा शेवटचा हंगाम

२०१६-१७ च्या आय-लीगचा, म्हणजे देशातल्या तेव्हाच्या अव्वल फुटबॉल लीगचा गुणतक्ता मुंबईकराने वरून वाचला काय किंवा खालून वाचला काय, दोन्हीकडे त्याला आपलीच माणसं भेटतात. सर्वांत वर ऐझॉल एफसी. मिझोरमचा संघ, पण कोच खालिद जमील, आणि संघात जयेश राणे, आशुतोष मेहता. हे तिघेही आदल्या वर्षीपर्यंत मुंबईच्या कूपरेज मैदानावर दिसणारे. सर्वांत खाली, दहाव्या जागी, १३ गुणांसह मुंबई एफसी. खालिदला ज्या क्लबने सात वर्षांनंतर निरोप दिला तो तळाला, आणि निरोप घेऊन गेलेला खालिद शिखरावर. भारतीय फुटबॉलमध्ये ऐझॉलच्या त्या विजेतेपदावर भरपूर लिहिलं गेलं, आणि ते योग्यच होतं. तळाच्या ओळीबद्दल मात्र कोणी फारसं लिहिलं नाही. त्या ओळीमागे काय होतं, ते मुंबई एफसीच्या एका पिवळ्या जर्सीवाल्या चाहत्याने मांडलेलं बरं.

मागे जायचं तर बरंच मागे जावं लागतं. मुंबईत फुटबॉल नव्हता असं नाही. रोव्हर्स कप १८९१ पासूनचा, म्हणजे देशातल्या सर्वांत जुन्या स्पर्धांपैकी एक. सुरुवातीची कित्येक वर्षं तो गोऱ्या पलटणींच्याच हाती राहिला. १९३७ मध्ये बंगळूर मुस्लिम्सने ती परंपरा मोडली. आमच्या आधीच्या पिढीतले लोक कूपरेजच्या आठवणी सांगायला लागले की हैदराबाद सिटी पोलिसांवर येऊन थांबतात. त्या संघाने १९५० ते १९५४ असा सलग पाच वर्षं रोव्हर्स जिंकला. पुढे मोहन बागान, ईस्ट बंगाल, मोहम्मेडन, गोव्याचे संघ. ऐकताना एक गोष्ट हळूहळू लक्षात येते, की या आठवणींतले नायक बहुतेक पाहुणे आहेत. मुंबईचं गवत, मुंबईचे प्रेक्षक, आणि जिंकणारे बाहेरचे.

घरचे संघ होतेच, पण ते मोहल्ल्याचे किंवा शहराचे नव्हते, कंपन्यांचे होते. टाटा, मफतलाल, ऑर्के मिल्स, एअर इंडिया, आरसीएफ, रेल्वे, बँका. खेळाडू म्हणजे खेळाडू-कोट्यातला कर्मचारी. सकाळी सराव, मग ऑफिसात सही, संध्याकाळी मुंबईच्या स्थानिक हारवुड लीगचा सामना. या व्यवस्थेने नागपाडा, माहीम, वांद्रे, धारावी इथल्या कित्येक मुलांच्या घरात पगार आणला, त्यामुळे तिला नावं ठेवणं मला जमत नाही. पण तिचा एक नियम होता: संघाचं आयुष्य कंपनीच्या वहीखात्यावर ठरायचं. गिरण्या गेल्या, त्यांच्याबरोबर त्यांचे संघ गेले. रोव्हर्स कपही २०००-०१ नंतर भरला नाही. मैदानावर हरून यातलं काहीच संपलं नाही.

सर्वांत मोठा धडा महिंद्राने दिला. १९६२ चा संघ. २००५-०६ मध्ये, डेरिक परेरा कोच असताना, महिंद्रा युनायटेडने नॅशनल फुटबॉल लीग, म्हणजे आय-लीगच्या आधीची राष्ट्रीय लीग, जिंकली. मुंबईत पहिल्यांदाच राष्ट्रीय लीग आली. घानाचा युसिफ याकुबू तेव्हा बॉल पायात घेऊन वळला की कूपरेजच्या स्टँडमधले लोक आपोआप उठून उभे राहायचे. त्याच हंगामात फेडरेशन कपही जिंकला होता. आणि २०१० मध्ये कंपनीने सीनियर संघ बंद करून शालेय फुटबॉलकडे लक्ष वळवायचं ठरवलं. कर्ज नाही, घोटाळा नाही, घसरण नाही. लीग जिंकून जेमतेम चार वर्षं झालेला क्लब एका निर्णयानिशी इतिहासजमा. मोर्चा निघाला नाही, पुतळे जाळले गेले नाहीत. कोलकात्यात असं झालं असतं तर काय झालं असतं याची कल्पना करून बघा.

मुंबई एफसी या पार्श्वभूमीवर वेगळा वाटायचा. २००७ मध्ये एस्सेल समूहाच्या पाठबळावर तो उभा राहिला, पण नाव शहराचं घेऊन. डेव्हिड बूथ हे इंग्रज कोच, आणि २००८ मध्ये दुसऱ्या श्रेणीची लीग जिंकून थेट आय-लीगमध्ये प्रवेश. अभिषेक यादवसारखे महिंद्रातून आलेले खेळाडू होते. खालिद जमील हाही महिंद्रा आणि एअर इंडियाकडून खेळलेला. दुखापतींनी त्याचं खेळणं संपवलं आणि २००९ मध्ये, ऐन बत्तिशीत, क्लबने त्याच्या हाती संघ दिला.

पुढची सात वर्षं सांगण्यासारखी आहेत आणि नाहीतही. मुंबई एफसीने काहीही जिंकलं नाही. पहिल्या तीनात येण्याची भाषा आम्ही कधी केली नाही. पण संघ कधी रेलिगेट झाला नाही, म्हणजे खालच्या श्रेणीत घसरला नाही, आणि तेवढ्या पैशांत ते सोपं नव्हतं. खालिदचा खेळ पाहायला आलेला नवखा माणूस अर्ध्या तासात कंटाळायचा. मागे गर्दी, पुढे एक धिप्पाड परदेशी, मिडफिल्डच्या डोक्यावरून लांब बॉल, आणि कॉर्नर किंवा थ्रो-इन मिळाला की अख्खा संघ पेनल्टी बॉक्समध्ये. मोठे संघ कूपरेजवर यायचे आणि ०-० किंवा १-१ घेऊन, वैतागून परतायचे. आम्हाला तो वैताग बघायला फार आवडायचं. स्टँड इतका जवळ की प्रतिस्पर्धी कोच चौथ्या पंचाशी काय वाद घालतोय ते शब्दन् शब्द ऐकू यायचं. आणि टचलाइनवर खालिदच्या येरझाऱ्या, मध्येच आकाशाकडे पाहणं, मध्येच पाठ फिरवणं.

मैदान तोपर्यंत कृत्रिम टर्फचं झालं होतं. दुपारी तापलेलं ते हिरवं कार्पेट संध्याकाळी रबराचा वास सोडायचं, आणि कोणी घसरून टॅकल केला की काळ्या दाण्यांचा फवारा उडायचा. पुढच्या रांगेत बसलं तर घरी गेल्यावर खिशात ते दाणे सापडत. या टर्फच्या आणि दुरुस्तीच्या काळात क्लबला आपले ‘घरचे’ सामने पुण्यात, बालेवाडीत खेळावे लागले होते. चर्चगेटहून चालत जाणाऱ्या प्रेक्षकाने द्रुतगती मार्ग गाठायचा. ज्यांनी कधी दोनशे-तीनशे प्रेक्षकांवरून या क्लबची टिंगल केली त्यांनी हेही लक्षात ठेवावं, की काही वर्षं या शहराच्या संघाला या शहरात मैदानच नव्हतं.

मग २०१४ मध्ये आयएसएल, म्हणजे इंडियन सुपर लीग, आली. डी. वाय. पाटीलचं भव्य स्टेडियम, सिनेतारे, परदेशी नावं, टीव्हीवर रोज प्रसारण. मुंबई सिटी एफसी. मला त्या क्लबचा राग नाही; त्याने या शहरात प्रेक्षक आणले हे खरंच आहे. पण एका शहरात दोन लीग आणि दोन क्लब, आणि दोघांचे खेळाडू बरेचसे तेच, अशी अजब रचना तयार झाली. ऑक्टोबर ते डिसेंबर आयएसएल, जानेवारीपासून आय-लीग. आय-लीगच्या क्लबांनी वर्षभर अकादमी आणि कर्मचारी सांभाळायचे, प्रायोजक मात्र तीन महिन्यांच्या लीगकडे. २०१६ च्या मे महिन्यात अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने नव्या रचनेचा प्रस्ताव समोर ठेवला: वरच्या पायरीवर आयएसएल, बाकीचे खाली, आणि वर चढायला वाट नाही. साळगावकर, स्पोर्टिंग क्लब डी गोवा आणि धेंपो या गोव्याच्या तिन्ही क्लबांनी आय-लीगला रामराम ठोकला. धेंपो तर पाच वेळचा राष्ट्रीय विजेता. पायऱ्याच काढून घेतल्या तर खालच्या मजल्यावर कशासाठी राहायचं, हा त्यांचा प्रश्न होता, आणि त्याला कोणाकडे धड उत्तर नव्हतं.

गोव्याच्या माघारीचा एक अनपेक्षित लाभार्थी होता ऐझॉल. २०१५-१६ मध्ये हा संघ रेलिगेट झाला होता. जागा रिकाम्या झाल्या म्हणून त्याला परत बोलावलं गेलं. त्याच सुमारास मुंबई एफसीने खालिदला मोकळं केलं. तो ऐझॉलला गेला आणि ओळखीचे खेळाडू बरोबर घेऊन गेला.

मुंबईत संतोष कश्यप आले. कश्यप इथलेच, एअर इंडियाचे जुने, मोहन बागानची जबाबदारी पेललेले; माणूस अनुभवी. आणि हंगामाची सुरुवात तर छान झाली. जानेवारी २०१७ मध्ये पहिल्या फेऱ्यांतच दोन विजय मिळाले, पहिला पुण्याच्या डीएसके शिवाजियन्सवर. आमच्या स्टँडमध्ये तक्त्याचे फोटो काढून ठेवणारे लोक होते.

त्यानंतर एकही विजय नाही. १८ सामन्यांच्या लीगमध्ये ते दोनच विजय, आणि तेही सुरुवातीचेच. मोठ्या फरकाने रोज मार खाल्ला असंही नाही, त्यामुळे त्रास जास्त. बरोबरी, पराभव, बरोबरी. संघ जुन्या सवयीने बचाव करायचा, पण खालिदच्या संघात बचाव करून झाल्यावर पुढे काय करायचं हे अकराही जणांना पाठ असायचं. या संघाला ते ठाऊक नव्हतं. बॉल जिंकायचा आणि मग क्षणभर सगळे एकमेकांकडे बघायचे. तो क्षण स्टँडमधून स्पष्ट दिसायचा. उजव्या बाजूने आशुतोष मेहता धावत सुटेल आणि पुढे राणे त्याची वाट बघत असेल असं सवयीने वाटायचं, आणि तिथे कोणी नसायचं. ते दोघे त्याच वेळी ऐझॉलच्या राजीव गांधी स्टेडियमवर भरल्या डोंगरासमोर खेळत होते. आम्ही मध्यंतराला मोबाइलवर त्यांचा स्कोअर बघायचो. हा द्रोह होता का, यावर आमच्यात गंभीर चर्चा झाल्या आहेत.

हंगामाच्या मध्यावर कश्यप गेले, स्पॅनिश कोच ऑस्कर ब्रुझोन आले. हेच ब्रुझोन पुढे बांगलादेशात बसुंधरा किंग्जला सलग विजेतेपदं देणार होते, म्हणजे कोच कच्चा नव्हता. पण आत्मविश्वास गेलेल्या संघाला मधूनच येऊन पासिंगचा खेळ शिकवायला वेळ कुठे असतो? एप्रिलमध्ये मुंबई एफसी रेलिगेट झाला. ३० एप्रिलला शिलाँगमध्ये लाजाँगशी १-१ अशी बरोबरी करून ऐझॉलने मोहन बागानला एका गुणाने मागे टाकलं आणि ईशान्येकडे पहिल्यांदा राष्ट्रीय लीग नेली. तो सामना पाहणाऱ्या मुंबई एफसीच्या माणसाला हसावं की रडावं कळत नव्हतं. मी तरी हसलो.

खरी गोष्ट यानंतरची. रेलिगेट होणं म्हणजे अंत असं आम्ही मानलंच नव्हतं. डोळ्यांसमोर ऐझॉलचं ताजं उदाहरण होतं: खाली गेलेला संघ वर्षभरात विजेता. ते नाही तर दुसऱ्या श्रेणीत एक वर्ष खेळू, २००८ मध्ये जिंकलीच होती की ती लीग. यलो ब्रिगेड या आमच्या चाहत्यांच्या गटातल्या पोरांनी पुढच्या हंगामाच्या बॅनरचे बेतही आखले होते. पण बेरीज सरळ होती. वरच्या लीगला जायचा रस्ता बंद, दुसऱ्या श्रेणीला टीव्ही नाही, प्रायोजक नाही. सीनियर संघ बंद झाला. महिंद्रा जिंकून संपला, मुंबई एफसी हरून संपला, फरक तेवढाच.

आणि तो एकटाच नव्हता. २०१३ मध्ये एअर इंडियाला परवान्याच्या निकषांवरून आय-लीगमधून वगळण्यात आलं होतं. २०१२-१३ चा उपविजेता पुणे एफसी २०१५ मध्ये संपला. कल्याणी समूहाचा भारत एफसी एकाच हंगामात आटोपला. डीएसके शिवाजियन्सही २०१७ मध्ये बाहेर पडला. २०१४-१५ ला आय-लीगमध्ये महाराष्ट्राचे तीन संघ होते; २०१७-१८ ला शून्य. गंमत म्हणजे तेच २०१७ साल राज्यात फुटबॉलवर्ष म्हणून गाजलं. सप्टेंबरमध्ये सरकारने दहा लाख मुलांना एकाच दिवशी फुटबॉल खेळवण्याचा उपक्रम केला, शाळाशाळांत बॉल वाटले. ऑक्टोबरमध्ये सतरा वर्षांखालील विश्वचषकाचे सामने नवी मुंबईत झाले, आणि भारताच्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता.

कोल्हापूरचं नाव निघालं म्हणून सांगतो. तिथे पाटाकडील तालीम आणि खंडोबा तालीम भिडले की शाहू स्टेडियम गच्च भरतं. राष्ट्रीय लीग नाही, परदेशी स्ट्रायकर मोजके, पण पेठ आपल्या तालमीचा संघ बंद पडू देत नाही, कारण तो कोणाच्या ताळेबंदातली नोंद नाही. मुंबईत आम्ही शहराच्या नावाचा संघ आपला मानला, पण आमच्या हातात त्यातलं काहीच नव्हतं. ना सभासदत्व, ना मत, ना एखादी सर्वसाधारण सभा जिथे उठून प्रश्न विचारता येईल.

पुढे केंकरे एफसीच्या रूपाने मुंबईचा एक संघ २०२१-२२ मध्ये आय-लीगमध्ये पुन्हा दिसला, कूपरेजवरही खेळला, आणि २०२२-२३ मध्ये रेलिगेट झाला. २०२३ पासून आय-लीगच्या विजेत्याला आयएसएलमध्ये बढती मिळू लागली; पहिला मान पंजाबच्या संघाला. म्हणजे ज्या पायऱ्या नाहीत म्हणून इतके क्लब सोडून गेले, त्या सहा-सात वर्षं उशिरा बांधल्या गेल्या. जयेश राणे त्याच वर्षी मुंबई सिटीत आला आणि पुढच्या मे महिन्यात त्या संघाने आयएसएल चषक उचलला. खालिद जमील ऑगस्ट २०२५ मध्ये भारताच्या राष्ट्रीय संघाचा कोच झाला. नेमणुकीच्या बातम्यांत त्याच्या कारकिर्दीचा आढावा बहुतेक ठिकाणी ऐझॉलपासून सुरू झाला.