यकृत प्रत्यारोपणातील मूलपेशी उपचार

निकामी यकृताचे काम काही काळ सांभाळणे, दात्याचे यकृत दुरुस्त करणे किंवा नवे यकृत शरीराला मानवून देणे, यांसाठी मूलपेशींचा (इतर प्रकारच्या पेशींत बदलू शकणाऱ्या मूळ पेशींचा) अथवा त्यांपासून घडवलेल्या पेशींचा केलेला वापर. यांतील बहुतेक उपचार अद्याप प्रायोगिक आहेत.

मानवी यकृताचे पहिले प्रत्यारोपण शल्यविशारद थॉमस स्टार्झल यांनी १९६३ मध्ये अमेरिकेतील डेनव्हर येथे केले. आज ही शस्त्रक्रिया रुळली असली तरी दाते अपुरे आहेत आणि प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे बहुतेकांना जन्मभर घ्यावी लागतात. मूलपेशींकडे लक्ष वळले ते या दोन अडचणींमुळे. एरवी यकृत स्वतःच भरून येते. उंदराचे दोन तृतीयांश यकृत कापले तरी आठवडा-दहा दिवसांत त्याचे वजन जवळजवळ पूर्ववत होते. सिरोसिसमध्ये, म्हणजे यकृतात वण साचून ते कडक होण्याच्या आजारात, मात्र वणांच्या जाळ्यात ही क्षमता गुदमरते.

जपानी संशोधक शिन्या यामानाका यांनी २००६ मध्ये उंदराच्या आणि पुढच्याच वर्षी माणसाच्या साध्या पेशींना बहुक्षम, म्हणजे शरीरातील जवळजवळ कोणत्याही पेशीत बदलू शकणाऱ्या, मूलपेशींचे रूप दिले. त्यामुळे रुग्णाच्याच त्वचेपासून यकृतपेशी घडवण्याची वाट खुली झाली. पण अशा पेशी बहुधा गर्भातल्या यकृतपेशींसारख्या अर्ध्याकच्च्या राहतात, आणि त्यांत न बदललेल्या मूलपेशी शिल्लक राहिल्या तर गाठ होण्याचा धोका असतो.

या उपचाराची ताकद सर्वांत स्पष्ट दिसली ती जपानमध्ये, एका तान्ह्या बाळाच्या बाबतीत. बाळाला युरिया चक्राचा जन्मजात विकार होता: प्रथिनांच्या विघटनातून होणारा अमोनिया यकृताला हाताळता येईना, आणि तो साचला की मेंदूला इजा होते. प्रत्यारोपणासाठी वजन साधारण ६ किलो तरी हवे, तोवर थांबणे धोक्याचे. म्हणून सहाव्या दिवशी, भ्रूणीय (सुरुवातीच्या भ्रूणापासून मिळवलेल्या) मूलपेशींपासून बनवलेल्या सुमारे १९ कोटी यकृतपेशी रक्तवाहिनीवाटे यकृतात सोडण्यात आल्या. अमोनिया आटोक्यात राहिला आणि काही महिन्यांनी वडिलांच्या यकृताचा भाग बसवण्यात आला. ही माहिती २०२० मध्ये जाहीर झाली. पेशींनी प्रत्यारोपण टाळले नाही, तिथवर पोचवले. या उपचाराचे आजचे खरे स्थान बहुधा हेच.

अख्खे यकृत घडवणे वेगळेच प्रकरण आहे. ताकानोरी ताकेबे आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये तीन प्रकारच्या पेशी एकत्र वाढवून ‘यकृत-कळ्या’ तयार केल्या. उंदरात रोवल्यावर त्यांच्या रक्तवाहिन्या यजमानाच्या रक्ताभिसरणाशी जोडल्या गेल्या. पण कळी काही मिलिमीटरची, तर प्रौढ यकृत दीड किलोच्या आसपास. त्यात पित्त वाहून नेणाऱ्या नलिकांची नळयोजनाही लागते, आणि घोडे अडते ते तिथे.

या नलिकांवरच केंब्रिजच्या संशोधकांनी २०२१ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. पित्तनलिकांच्या पेशींचे ऑर्गनॉइड, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेले सूक्ष्म गोळे, त्यांनी प्रत्यारोपणासाठी नाकारलेल्या मानवी यकृतांत सोडले. यंत्रावर रक्तपुरवठा चालू ठेवलेल्या त्या यकृतांत या पेशी नलिकांच्या अस्तरात रुजल्या आणि पित्ताचा दर्जा सुधारला. टाकाऊ ठरलेले यकृत वापरण्याजोगे करण्याची ही कल्पना नवे यकृत घडवण्यापेक्षा जवळची वाटते.

अस्थिमज्जेतील (हाडांच्या पोकळीतील मऊ भागातील) मेसेन्कायमल नावाच्या मूलपेशी प्रतिकारशक्तीला शांत करतात. प्रत्यारोपणाच्या वेळी त्या दिल्यास पुढे औषधे कमी करता येतील का, हे छोट्या चाचण्यांत तपासले गेले आहे. सिरोसिसच्या रुग्णांत मूलपेशींचा अनुभव मात्र निराशाजनक आहे. ब्रिटनमधील ८१ रुग्णांच्या, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अस्थिमज्जेतल्या मूलपेशी रक्तात उतरवून, गोळा करून परत दिल्या, तरी यकृताचे काम सुधारले नाही.