आधी बर्फ जाड होऊ द्या म्हणे!

हिवाळ्यात छोटं विमान उतरवायचं म्हटलं की सगळे निसरड्या रनवेबद्दल बोलतात, पण जास्त भांडणं झालीत ती पंखावरच्या बर्फावरून. पंखाच्या पुढच्या कडेला रबरी बूट बसवायचे, हवा भरून फुगवायचे की बर्फ तडकून पडतो, ही युक्ती १९३० च्या आसपासची. तिच्यासोबत एक नियम आला आणि पायलटांच्या पिढ्या तो घोकत राहिल्या: लगेच फुगवू नका, पाव ते अर्धा इंच थर जमू द्या. का, तर पातळ बर्फ तडकणार नाही, नुसता ताणला जाईल, त्याचं कवच होईल आणि बूट आतल्या आत फुगत बसतील.

जुन्या बुटांच्या नळ्या लांब, हवेचा दाब कमी, फुगायला वेळ, त्यामुळे तेव्हा ते पटण्यासारखं असेलही. पुढे टर्बाइन इंजिनं आली, दाब वाढला, बूट झटक्यात फुगायला लागले, पण सल्ला तोच.

९ जानेवारी १९९७ ला डेट्रॉइटला उतरायला निघालेलं एक टर्बोप्रॉप (टर्बाइन इंजिनाने पुढचा पंखा फिरवणारं विमान) मिशिगनमधल्या मन्रोजवळ कोसळलं, २९ जण गेले. पंखावर पातळ खरखरीत बर्फ, वेग उतरत चाललेला, आणि ऑटोपायलट सगळं सांभाळून घेत होता म्हणून पायलटांना पत्ताच नाही. यात मला सगळ्यात खटकतं ते हे की विमान बनवणाऱ्यांनी १९९६ मध्येच मॅन्युअल बदलून बर्फ दिसला की लगेच बूट चालू करा असं लिहिलं होतं, पण विमान चालवणाऱ्या कंपनीने तो बदल उचललाच नाही, कारणांत एक तीच कवचाची भीती. अपघाताच्याच वर्षी, १९९७ मध्ये, क्लीव्हलंडला जाणकार जमले तेव्हा आधुनिक बुटांवर असं कवच धरल्याचा पुरावा काही निघाला नाही. बूट फुगवल्यावर थोडा बर्फ चिकटून राहतो हे खरं, पण तो पुढच्या फेऱ्यांत सुटतो, आणि वाट बघत बसलं तर तेवढ्या वेळात सँडपेपरसारखा पातळ थरसुद्धा स्टॉलचा वेग, म्हणजे ज्याच्या खाली पंखाची उचल तुटते तो वेग, वाढवून ठेवतो.

तरी २००५ मध्ये कोलोरॅडोतल्या प्वेब्लोला उतरताना एक बिझनेस जेट पडलं, आठ जण गेले, अप्रोचवर बूट चालूच केले नव्हते. बर्फ धरेल अशा हवेत शिरताच बूट चालू करा, असा सरसकट इशारा निघायला २००८ उजाडलं.

शेपटीवरच्या बर्फाचा अभ्यासही नव्वदच्या दशकातलाच. तिथे गंमत उलटी, फ्लॅप (उतरताना पंखामागून खाली सोडायच्या पट्ट्या) पूर्ण सोडले की शेपटी स्टॉल होऊन नाक एकदम खाली जाऊ शकतं, आणि सावरायला स्टिक मागे ओढून फ्लॅप परत घ्यावे लागतात, म्हणजे पंखाच्या स्टॉलला जे करतात त्याच्या बरोब्बर उलट. हे शिकवल्याने पायलट ऐन वेळी गोंधळतात का, हा वाद अमेरिकेतल्या बफेलोजवळच्या २००९ च्या विमान अपघातानंतर परत पेटला, तिथे पंखाच्या स्टॉलमध्ये पायलटाने स्टिक मागे ओढली होती.