उंबरात केंबरं दिसली म्हणून फवारणी करू नका
(आमच्या रोपवाटिकेतून उंबर नेलेल्यांसाठी)

उंबर फोडून केंबरं, म्हणजे फळातले बारीक उडते किडे, काढू नयेत, असं आपल्याकडे म्हणतात. तरी झाडाला फळ धरलं की फोन येतोच, "उंबर किडलंय, काय मारू?" काहीही मारू नका. औषध आम्ही विकतच नाही.

हिरवं फळ हातात घ्या आणि देठाच्या विरुद्ध टोकाला बघा. बारीक खवल्यांनी गच्च बंद झालेलं छिद्र दिसेल. उंबराची फुलं फळाच्या पोटात असतात. त्या छिद्रातून मुंगीहून लहान, गांधीलमाशीच्या जातकुळीतली केंबराची मादी आत घुसते. घुसताना तिचे पंख तुटतात. बरोबर आणलेले पराग ती फुलांवर पाडते, काही फुलांत अंडी घालते आणि तिथेच मरते. त्या अंड्यांतून निघालेले नर बिनपंखांचे असतात. ते बाहेर पडायची वाट कोरतात, माद्या पराग घेऊन उडतात आणि त्यानंतर फळ लाल, मऊ होतं. माशीच आली नाही तर हिरवी फळं गळतात.

मागे एकांनी दोनदा फवारलं. झाडाखाली कच्च्या फळांचा सडा पडला आणि रोप बदलून द्या म्हणून तगादा सुरू झाला. आमच्या माणसाच्या दोन खेपा फुकट गेल्या. फवारलेल्या झाडाबद्दल आम्ही रोप बदलून देत नाही, हे आधीच सांगतो. शेजारी हापूस असेल तर मोहरावरची फवारणीही उंबरावर उडते, म्हणून उंबर आंब्याच्या बांधाला लावू नका. घर आणि विहिरीपासूनही लांब लावा, मुळं जोरकस असतात.

उंबराची फळं खोडाला लगडतात, त्यामुळे पक्षी नजरेच्या टप्प्यात उतरतात. सकाळी लवकर पडवीत नुसतं बसून राहा. तांबट, बुलबुल, कोकीळ येतात, आपला राज्यपक्षी हरियाल थव्याने येतो. जंगल जवळ असेल तर धनेशही येतो. सुकलेली फांदी अंगावर पडायची भीती नसेल तर तोडू नका, तांबट घरट्याचं भोक तिच्यातच कोरतो.

आमचं रोप महाग वाटतं, पण ते दोन पावसाळे सांभाळलेलं असतं. उंबर वर्षातून अनेकदा फळतं, मधे मात्र रिकामं राहतं. जागा असेल तर जोडीला नांद्रूक आणि भोकर न्या. रोपं पाऊस लागल्यावरच देतो, मे महिन्यात सांगून ठेवा.