एका क्षारासाठी साडेचार वर्षं

बेडाक्विलिन हे नाव बऱ्याच लोकांनी ऐकलेलं नसतं, पण नेहमीच्या गोळ्यांना दाद न देणारा टीबी ज्यांच्या घरात येऊन गेलाय त्यांना ते पक्कं माहीत असतं. आधी अशा पेशंटला महिनोनमहिने कानामायसिनसारखी इंजेक्शनं घ्यावी लागायची, त्यांनी कानाच्या आतल्या केसासारख्या नाजूक पेशी मरू शकतात आणि त्या परत येत नाहीत, म्हणजे टीबी बरा झाला तरी ऐकू येणं कायमचं जाऊ शकायचं. मुंबईच्या नंदिता वेंकटेशनचं तसंच झालं, दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा तिसिलेचंही.

बेडाक्विलिनची मात्र गोळी आहे, ती जंतूचं एनर्जी तयार करणारं यंत्रच बंद पाडते. अमेरिकेत 2012 च्या डिसेंबरात मंजूर झाली, पेटंट जॉन्सन अँड जॉन्सनचं.

पेटंट म्हणजे सरळ सौदा आहे, शोध कसा लावला ते सगळ्यांना उघड सांगायचं आणि बदल्यात 20 वर्षं दुसऱ्या कोणी तो माल बनवायचा नाही. मला हा सौदा पटतो, औषध शोधायला खरंच पैसा आणि वर्षं लागतात (या औषधाच्या चाचण्यांत सरकारी पैसाही बराच होता, हेही सांगायला हवं). पण भारतातल्या पेटंटची मुदत जुलै 2023 ला संपणार होती आणि कंपनीने इथेच त्याच औषधाच्या फ्युमरेट क्षारावर वेगळं पेटंट मागितलं होतं, ते मिळालं असतं तर मक्तेदारी 2027 च्या डिसेंबरपर्यंत गेली असती. औषधाचा रेणू पाण्यात नीट विरघळत नसेल तर आम्ल मिसळून त्याचा क्षार करतात, औषध बनवणाऱ्यांची ही जुनीच युक्ती, यात नवा शोध कुठला?

आपल्या पेटंट कायद्यात कलम 3(ड) आहे, माहीत असलेल्या पदार्थाचं नुसतं रूप बदललं आणि गुण वाढला नाही तर पेटंट नाही, याच कलमावर सुप्रीम कोर्टाने 2013 मध्ये ग्लिव्हेक या कॅन्सरच्या औषधाचं पेटंट नाकारलं होतं. नंदिता आणि फुमेझा दोघींनी 2019 मध्ये क्षाराच्या अर्जाला हरकत घेतली, आणि मार्च 2023 मध्ये मुंबईच्या पेटंट ऑफिसने तो फेटाळला. त्याच ऑगस्टमध्ये, जगभरातून दबाव वाढल्यावर, गरीब देशांसाठी औषधं घेणाऱ्या ग्लोबल ड्रग फॅसिलिटीला 6 महिन्यांचा कोर्स 130 डॉलरला मिळायला लागला, आधीच्या निम्म्याहून कमी.

पेटंट मिळायच्या आधी अशी हरकत आपल्याकडे कोणीही घेऊ शकतं, पेशंटसुद्धा. मार्च 2024 च्या नव्या नियमांनी त्याला फी लावली आणि हरकत ऐकायची की नाही तेही आधी ऑफिस ठरवणार. मला याचीच काळजी वाटते.