नंबर गावातला, माणूस परदेशात: आंतरराष्ट्रीय रोमिंगची पार्श्वभूमी

कागल मागे पडलं, कोगनोळीचा टोलनाका जवळ आला की खिशातला मोबाइल थरथरायचा आणि कर्नाटकात स्वागत करणारा मेसेज यायचा. निपाणीच्या बाजाराला, संकेश्वरला सोयरिकीला किंवा बेळगावला दवाखान्यात निघालेल्या कोल्हापूरकराची रोमिंगशी पहिली ओळख अशी झाली. पासपोर्ट नाही, विमान नाही, पण आलेला फोन उचलला तरी बॅलन्स कमी. तेच गोव्याला शंभरावर किलोमीटर गेलं तरी काही व्हायचं नाही, कारण दूरसंचार खात्याच्या लेखी महाराष्ट्र आणि गोवा मिळून एकच सर्कल, म्हणजे मोबाइल सेवेचा एकच विभाग. मुंबई तेवढी वेगळी.

किती लांब गेलात याला रोमिंगमध्ये फारसं महत्त्व नसतं. तुमचा नंबर कुणाच्या दप्तरी नोंदलेला आहे, यावर सगळं ठरतं. परदेशात गेल्यावर येणारी अवाच्या सवा बिलं, व्हॉट्सअ‍ॅपची सोय आणि बँकेच्या ओटीपीची कटकट, तिन्हीचं मूळ इथेच आहे.

परदेशातून घरी निरोप कसा पोचवायचा, हा प्रश्न मोबाइलपेक्षा पुष्कळ जुना. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज १८७० साली युरोपला गेले. नेमक्या त्याच वर्षी, जून महिन्यात, मुंबई ते लंडन ही समुद्राखालची तारांची साखळी सुरू झाली. एडन, सुएझ, माल्टा, जिब्राल्टर करत ती इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या पोर्थकर्नो गावात पोचत होती. महाराज परतीच्या वाटेवर असताना ३० नोव्हेंबरला इटलीतल्या फ्लॉरेन्समध्ये वारले, वयाच्या अवघ्या विसाव्या वर्षी. आर्नो आणि मुन्योने नद्यांच्या संगमावर त्यांचं दहन झालं. तिथे आजही त्यांची छत्री आहे आणि शेजारच्या पुलाला तिथले लोक 'भारतीयाचा पूल' म्हणतात. तार आली तरी ती होती सरकारची, संस्थानांची आणि पेढीवाल्यांची. सामान्य माणसाला परदेशातला आवाज ऐकायला पुढची शंभरएक वर्षं थांबावं लागलं.

तो आवाज आला पिवळ्या बूथमधून. १९८४ साली सी-डॉट ही सरकारी संस्था स्थापन झाली, देशी बनावटीची एक्स्चेंजेस आली आणि एसटीडी-आयएसडी-पीसीओच्या पाट्या गल्लोगल्ली लागल्या. कोल्हापूरचा ०२३१ हा कोड घरातल्या पोरासोरांना पाठ झाला तो याच काळात. काचेची केबिन, डोक्यावर पळणारे लाल आकडे आणि बाहेर खोळंबलेली रांग. एसटीडीचा, म्हणजे देशातल्या परगावच्या कॉलचा, दर रात्री अकरानंतर एक चतुर्थांश व्हायचा, त्यामुळे बूथवर खरी गर्दी जेवणं उरकल्यावरच. परदेशी कॉलचं आयएसडी मात्र महागच राहिलं, कारण देशाबाहेरचा प्रत्येक कॉल विदेश संचार निगम या एकाच सरकारी कंपनीतून जायचा. ही मक्तेदारी १ एप्रिल २००२ रोजी संपली. इंटरनेटवरून फोन करायला परवानगीही त्याच दिवसापासून मिळाली आणि नेट कॅफेत हेडफोन लावून अमेरिकेशी बोलणारी मंडळी दिसू लागली.

मोबाइलची गोष्ट युरोपात सुरू होते. एका देशाचा फोन शेजारच्या देशात चालत नाही, ही अडचण तिथे रोजचीच. म्हणून १९८२ मध्ये युरोपातल्या टपाल-तार खात्यांनी सामाईक पद्धत ठरवण्यासाठी गट नेमला आणि सप्टेंबर १९८७ मध्ये १३ देशांतल्या कंपन्यांनी कोपनहेगनमध्ये करार केला. त्यातून जीएसएम ही मोबाइलची सामाईक पद्धत आली. पहिला जीएसएम कॉल १ जुलै १९९१ रोजी फिनलंडमध्ये झाला. पुढच्याच वर्षी फिनलंडच्या आणि ब्रिटनच्या कंपन्यांनी एकमेकींच्या ग्राहकांना सेवा द्यायचं ठरवलं, तो आंतरराष्ट्रीय रोमिंगचा पहिला करार. ३ डिसेंबर १९९२ ला ब्रिटनमध्ये पहिला एसएमएसही गेला. सरहद्द ओलांडली तरी फोन चालावा, ही कल्पना जीएसएममध्ये अशी पहिल्यापासूनच होती.

भारतात पहिला मोबाइल कॉल ३१ जुलै १९९५ ला झाला. पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू कोलकात्यातून केंद्रीय दूरसंचारमंत्री सुखराम यांच्याशी बोलले. आपल्या सर्कलमध्ये त्या दशकाच्या उत्तरार्धात बीपीएल आणि बिर्ला एटी अँड टी या दोन कंपन्या आल्या. तेव्हा गावात बसूनसुद्धा इनकमिंगला पैसे पडायचे. ते १ मे २००३ पासून थांबले. परदेशात मात्र इनकमिंगचे पैसे राहिले, आणि ते का राहिले हे समजून घ्यायला जरा आतली यंत्रणा पाहावी लागते.

सिमकार्डात आपला दहा आकडी नंबर नसतोच म्हटलं तरी चालेल. तिथे असतो पंधरापर्यंत आकड्यांचा वेगळाच ओळखक्रमांक, आणि त्याचे पहिले तीन आकडे देश सांगतात. भारताचे ४०४ आणि ४०५. फ्रँकफर्टला उतरून फोन चालू केला की तिथलं नेटवर्क हे तीन आकडे वाचतं आणि भारतातल्या कंपनीला विचारतं, की हा गडी तुमचाच ना? याला सेवा द्यायची का? कंपनीच्या मुख्य नोंदवहीत, म्हणजे होम लोकेशन रजिस्टरमध्ये, होकार मिळाला की तिथल्या पाहुण्यांच्या नोंदवहीत तात्पुरतं नाव लागतं. त्याच वेळी इकडच्या वहीत लिहिलं जातं की माणूस सध्या जर्मनीत आहे.

आता कोल्हापुरातल्या शाहूपुरीतून कुणी त्याला फोन लावला, तर लावणाऱ्याला तो जर्मनीत असल्याचा पत्ताच नसतो. तो साधा भारतातला नंबर फिरवतो आणि भारतातल्या कॉलचेच पैसे देतो. कॉल आधी इथल्या कंपनीकडे येतो आणि तिथून पुढे जर्मनीला जातो. पूर्वी गाव सोडून गेलेल्या माणसाचं टपाल आधी जुन्या घरी यायचं, घरचे पत्ता खोडून नवा घालायचे आणि पुन्हा पेटीत टाकायचे, तसाच हा प्रकार. या दुसऱ्या टप्प्याचा खर्च कुणीतरी द्यायचा, तो फोन घेणाऱ्यावर येतो. दोघे कोल्हापूरकर एकाच हॉटेलच्या शेजारशेजारच्या खोल्यांत असले आणि दोघांकडे इथलंच सिम असलं, तरी एकाने दुसऱ्याला लावलेला कॉल भारताची फेरी मारून येऊ शकतो.

एसएमएसचंही तेच. परदेशातून पाठवलेला मेसेज आधी आपल्या मूळ कंपनीच्या मेसेज सेंटरला जातो आणि मग पुढे. एका मेसेजमध्ये जागा १४० बाइट्सची. त्यात रोमन लिपीतली १६० अक्षरं मावतात, देवनागरीत ७० चिन्हांवरच मेसेज संपतो आणि पुढच्याचे पैसे वेगळे. 'पोचलो सुखरूप' हे आपण इंग्रजी अक्षरांत लिहायला शिकलो त्याला तेव्हाच्या फोनवर मराठी नसणं जितकं कारणीभूत, तितकंच हे गणितही असावं.

फोनसुद्धा आड यायचे. भारत-युरोपात जीएसएम ९०० आणि १८०० मेगाहर्ट्झवर, अमेरिकेत १९०० आणि ८५० वर. त्यामुळे शिकागोला निघालेल्याला ट्राय-बँड, म्हणजे तीन लहरींवर चालणारा, हँडसेट शोधावा लागे. रिलायन्स आणि टाटा इंडिकॉमचे सीडीएमए या वेगळ्या पद्धतीचे फोन युरोपात गेल्यावर नुसते घड्याळ बघायच्या कामाचे. मग लोकांनी स्वतःच्या वाटा काढल्या. अमेरिकेत देशी वाणसामानाच्या दुकानातून कॉलिंग कार्ड घ्यायचं, आखातात उतरल्या उतरल्या तिथलं सिम घ्यायचं आणि इकडे मिस्ड कॉल द्यायचा. मिस्ड कॉल म्हणजे 'पोचलो'. त्याला पैसे पडत नसत, हे त्यातलं इंगित.

बिलं एवढी का फुगत, याचं उत्तर कंपन्यांच्या आपसातल्या हिशेबात आहे. परदेशी कंपनी आपल्या कंपनीला घाऊक दराने बिल लावते आणि आपली कंपनी त्यावर नफा धरून आपल्याला. पाहुणा दर विचारून नेटवर्क निवडत नाही, त्यामुळे दर उतरवायची घाई दोघींनाही नसते. युरोपीय संघाने २००७ पासून या दरांना लगाम घातला आणि १५ जून २०१७ पासून संघातल्या देशांपुरतं रोमिंगचं जादा शुल्कच काढून टाकलं. तिथे अनेक देशांवर चालणारा एकच कायदा होता म्हणून हे जमलं. भारत आणि जर्मनी या दोघांवर हुकूम चालेल असं कुणी नाही. ट्राय या दूरसंचार नियामकाने देशातल्या रोमिंगला कमाल दर ठरवून दिले, परदेशातल्या रोमिंगचे दर कंपन्यांवर सोडले. देशातलं रोमिंग पुढे जिओ आल्यावरच्या स्पर्धेत २०१७ च्या सुमारास जवळपास संपलं आणि कोगनोळीचा मेसेज नुसता नमस्कारापुरता उरला.

स्मार्टफोन आले तसं बिल बोलण्याऐवजी डेटाचं येऊ लागलं. माणूस झोपलेला असायचा आणि फोन आपला अपडेट घेत बसायचा. रोमिंगचा डेटाही सहसा आधी घरी येतो, म्हणजे चीनमधल्या गुआंगझूत बसून उघडलेलं पान भारतातल्या कंपनीच्या दारातून बाहेर पडतं. त्याचा एक फायदा चीनला जाणाऱ्यांना चांगला ठाऊक आहे. तिथे हॉटेलच्या वायफायवर व्हॉट्सअ‍ॅप उघडत नाही, पण भारतीय सिमच्या रोमिंगवर उघडतं. गुआंगझूच्या कँटन फेअर या व्यापारी प्रदर्शनात यंत्रं बघायला गेलेल्या कोल्हापुरातल्या उद्यमनगरच्या कारखानदाराला यातलं तंत्र सांगता येणार नाही कदाचित, पण रोमिंगचा पॅक मारूनच जायचं हे तो बरोबर सांगेल.

व्हॉट्सअ‍ॅप २००९ चं. २०१५ मध्ये त्यावर कॉल आले, २०१६ च्या शेवटी व्हिडिओ कॉल. त्याने नंबर आणि सिम यांची फारकत केली. एकदा नंबर पडताळून झाला की सिम कुठलंही असो, नुसतं वायफाय असलं तरी चालतं. ड्युसेलडॉर्फला 'गिफा' या फाउंड्री प्रदर्शनात उभं राहून शिरोली एमआयडीसीतल्या कास्टिंगचा दोष व्हिडिओवर बघता येऊ लागला. दुबईसारख्या ठिकाणी अ‍ॅपवरच्या कॉलना मनाई आहे तेवढा अपवाद. बोलण्यासाठी रोमिंग घ्यायची गरज इथे संपायला हवी होती.

पण तोवर नंबराच्या गळ्यात बँक पडली होती. ऑनलाइन कार्ड व्यवहाराला दुसरी पडताळणी हवी, असा रिझर्व्ह बँकेचा नियम ऑगस्ट २००९ पासून लागू झाला आणि बँकांनी त्यासाठी एसएमएसवरचा ओटीपी धरला. आधार, आयकर, पेन्शन, गॅस, सगळं हळूहळू त्याच नंबराला जोडलं गेलं. व्हॉट्सअ‍ॅप वायफायवर चालतं, ओटीपीला मात्र जिवंत सिम लागतं. म्हणजे एके काळी घरच्यांशी बोलायला रोमिंग घेत, आता सहा आकडे यावेत म्हणून घेतात. माझ्या मते गेल्या पंधरा वर्षांतला सर्वांत मोठा बदल हाच आहे आणि त्याची चर्चा सर्वांत कमी होते. येणाऱ्या एसएमएसला आपल्याकडच्या कंपन्या रोमिंगमध्ये सहसा पैसे घेत नाहीत, पण आंतरराष्ट्रीय रोमिंग निघण्याआधी चालू करून ठेवावं लागतं आणि नंबराची मुदत संपलेली चालत नाही. मुलाकडे सहा महिने राहायला गेलेल्या आईवडिलांची पंचाईत होते ती इथे.

ई-सिममुळे, म्हणजे फोनमध्येच बसवलेल्या सिममुळे, थोडी सुटका झाली. २०१७-१८ पासून मोठ्या कंपन्यांच्या फोनमध्ये ते येऊ लागलं, २०२२ मध्ये अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आयफोन १४ ला तर सिमचा खणच ठेवला नाही. आता क्यूआर कोड स्कॅन करून त्या देशाचा डेटा घ्यायचा आणि इथलं सिम, डेटा रोमिंग बंद करून, नुसतं ओटीपीसाठी जागं ठेवायचं. दोन सिमचे फोन आपल्याकडे आधीपासूनच लोकप्रिय, त्यामुळे ही जोडणी कुणाला समजावून सांगावी लागली नाही.

नंबर आणि बँक यांची गाठ सैल करायचे प्रयत्नही चालू आहेत. एसएमएसखेरीज इतर मार्गांनी पडताळणी करायला वाव देणारे नियम रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२५ मध्ये काढले, अंमलबजावणीची तारीख १ एप्रिल २०२६. त्याआधी जानेवारी २०२३ मध्ये अनिवासी भारतीयांना परदेशी नंबरावर यूपीआय वापरायची मुभा मिळाली, सुरुवातीला दहा देशांच्या नंबरांसाठी. अमेरिका, ब्रिटन, सिंगापूर, अमिरात, कतार ही नावं त्या यादीत होती, जर्मनीचं नव्हतं. इंजिनिअरिंग करून तिकडे एमएसला गेलेल्या मुलांच्या जुन्या नंबराचं रिचार्ज इकडे गडहिंग्लजला किंवा जयसिंगपूरला वडीलच मारत असतात.