पक्षीविषयक टपाल तिकिटांचा संग्रह

टपाल तिकिटांच्या विषयवार संग्रहाची एक शाखा. पक्ष्यांची चित्रे असलेली स्मारक तिकिटे (विशिष्ट प्रसंग, व्यक्ती वा विषय यांसाठी काढलेली), प्रथम दिवस आवरणे (तिकीट निघाल्याच्या दिवशीचा शिक्का असलेली पाकिटे), विशेष शिक्के आणि मिनिएचर शीट (एक वा मोजकी तिकिटे असलेले छोटे सुशोभित पान) यांचा तीत समावेश होतो.

आद्य पक्षी-तिकीट कोणते, याविषयी मतभेद आहेत. स्वित्झर्लंडमधील बाझेल परगण्याने १ जुलै १८४५ रोजी काढलेल्या अडीच रॅपनच्या (रॅपन हे स्विस नाणे) तिकिटावर चोचीत पत्र धरलेले पांढरे कबुतर उठावाने छापलेले असून सामान्यतः त्यालाच अग्रमान दिला जातो. मात्र हे कबुतर टपालाचे प्रतीक होय. म्हणून काहींचा कल पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या १८५४ मधील एक पेनीच्या काळ्या हंसाकडे आहे. तोही वसाहतीचे मानचिन्हच होता, परंतु त्याची जाती निःसंदिग्धपणे ओळखता येत असल्याने हे मत अधिक ग्राह्य वाटते. अर्थात ही दोन्ही तिकिटे नित्य वापराची होती, स्मारक नव्हेत.

भारतातही असाच पेच आहे. तिकीट शताब्दीच्या १९५४ च्या मालिकेत कबुतर येते, ते टपालवाहक म्हणून. पक्षी हाच विषय असलेली चार तिकिटांची मालिका ३१ डिसेंबर १९६८ रोजी निघाली. तीत लाल चोचीचा निळा मॅगपाय व सुतार यांच्यासारखे मुख्यतः डोंगराळ वनप्रदेशातील पक्षी आहेत. नवरंग व हळद्या हे १९७५ च्या मालिकेत आले. १९९४ ची पाणपक्ष्यांची चार जोडतिकिटे (एकमेकांना जोडून छापलेली, वेगवेगळ्या चित्रांची तिकिटे) थोड्याच काळात विक्रीतून काढून घेण्यात आली; त्यांची शाई पाण्यात विरघळत असे, असे सांगितले जाते. त्यामुळे पाकिटावरील तिकीट पाण्यात भिजवून सोडवण्याची नेहमीची रीत त्यांच्या बाबतीत टाळतात, आणि मूळ डिंकासह कोरी जोडी असल्यास ती पारदर्शक माउंटमध्ये (तिकीट ठेवण्याच्या छोट्या पाकिटात) ठेवतात.

मराठवाडा हैदराबाद संस्थानात असताना तेथे संस्थानाची स्वतंत्र तिकिटे चालत. १९३१ च्या सचित्र मालिकेत अजिंठा लेण्यांचे प्रवेशद्वार व दौलताबादचा मिनार आहे, पक्षी नाही. योगायोग असा, की साधारण त्याच सुमारास, १९३१-३२ मध्ये, पक्षीशास्त्रज्ञ सलीम अली यांनी याच संस्थानाची पक्षी-पाहणी केली होती. छत्रपती संभाजीनगरातील एका सरोवराला त्यांचे नाव आहे व १९९६ मध्ये त्यांच्या जन्मशताब्दीनिमित्त तिकिटेही निघाली. अशी व्यक्तिस्मारक तिकिटे पक्षीसंग्रहात घ्यावीत की नाहीत, हे संग्राहक आपापल्या कसोटीने ठरवतात. पाहणीचा प्रादेशिक संबंध पाहता मराठवाड्यावर आधारलेल्या संग्रहात त्यांना स्थान देणे योग्य ठरते. राजस्थानातील भरतपूर पक्षी अभयारण्याच्या १९७६ मधील २५ पैशांच्या तिकिटावरील चित्रबलाक पैठणजवळच्या नाथसागरावरही दिसतो. जायकवाडी पक्षी अभयारण्य म्हणून घोषित झालेला (१९८६) हा जलाशय स्थानिक संग्राहकांना तिकिटावरील पक्षी प्रत्यक्ष ताडून पाहण्याचे ठिकाण ठरतो. जुन्या तिकिटांवरील इंग्रजी नावे मात्र आजच्या वर्गीकरणाशी नेहमीच जुळत नाहीत, म्हणून संग्रहाच्या पानावर शास्त्रीय नाव लिहिणे इष्ट असते.